तुळईची टोकं

विश्वंभरनं शीतलला ओळखलं नाही. लग्नानंतर तिचं आडनाव बदललं होतं. चौदा वर्षांपूर्वी ती दहावीत असताना याच माणसानं तिच्या बापाला भर ग्रामसभेत हात जोडायला लावले होते. मुंजाजी सुतारानं कच्चं लाकूड घातलं, म्हणून माळवदाची तुळई मोडली आणि आपल्या आईचा, भागूबाईचा, पाय गेला, असं विश्वंभरचं म्हणणं. त्यानंतर मुंजाजीला त्या गावात कुणी काम दिलं नाही. तो वसमतला हळदीची पोती उचलू लागला.

आता विश्वंभरला त्याच घराची पुढची खोली अंगणवाडीला द्यायची होती. तपासणीसाठी ग्रामपंचायतीनं इंजिनियर बोलावली, ती शीतल.

तिनं भिंतींची ओल मोजली. तुळयांत पेचकस खुपसून पाहिला. मधलं सागवान लोखंडासारखं होतं, पण भिंतीत शिरलेल्या टोकांत पेचकस मुठीपर्यंत गेला.

"वर मोरी आहे का?" तिनं विचारलं.

"व्हय. तुळई मोडायच्या दोन साल आधी मीच बांधली. सुतार म्हणत होता, पाणी भिंतीत मुरायलं, मोरी हलवा. कोण ऐकतं?" विश्वंभर हसला. "मंग मोडली तं त्याच्यावरच ढकललं. तुमी तेवढं बराबर हाय म्हणून लिहा, म्याडम."

शीतलनं त्याचा शब्द न् शब्द लिहून घेतला. "घरमालकानं दिलेली माहिती म्हणून इथं सही करा." त्यानं न वाचता केली.

आठवड्यानं ग्रामसभेत तिनं अहवाल मोठ्यानं वाचला. घर राहण्याजोगं नाही, कारण मोरीचं पाणी. मग विश्वंभरचा जबाब, त्याच्याच शब्दांत. शेवटी म्हणाली, "मी मुंजाजी सुताराची लेक."

विश्वंभर पुढं आला आणि त्यानं हात जोडले. "तेवढा जबाब काढून टाका."

"माझ्या बापानंही जोडले होते. तुम्ही म्हणालात, हात जोडल्यानं मोडका पाय जुडत न्हाई."

बायकांत बसलेली भागूबाई काठी टेकत उठली. चौदा वर्षं ती त्या सुताराला शिव्याशाप देत आली होती. तिनं पोराकडं एकदाच पाहिलं आणि तशीच एसटीच्या थांब्याकडं निघाली, डोंगरकडा गावी आपल्या लेकीकडं. विश्वंभर मागं धावला. तिनं वळूनही पाहिलं नाही.

हे शीतलनं योजलं नव्हतं. पण त्याला तसं धावताना पाहून तिला गोड वाटलं, आणि ते तिनं लपवलं नाही.

वसमतला मुंजाजीनं सगळं खाली मान घालून ऐकलं. मग म्हणाला, "आता पुन्यांदा सांग. पयल्यापासून."