बर्फाची पिशवी

खोलीच्या दारापाशी आल्यावर त्याने भिंतीवरचा हात काढला, शर्ट खाली ओढला आणि दोन्ही पाय जवळ घेऊन पाहिले. कळ थेट पोटात गेली. तशीच दोन पावलं टाकून बघितली, मग चेहरा जमेल तितका साधा केला आणि दार ढकललं.

"सापडलं का औषधांचं दुकान?" आईने खुर्चीतूनच विचारलं. "एवढ्या वेळात माणूस औषध बनवून घेऊन येईल."

"गर्दी होती."

"आणि औषधं कुठायत?"

त्याने आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. खोटं बोलायचंच तर माणसाने निदान पूर्ण बोलावं. ऑपरेशनच्या टेबलावर पडल्या पडल्या त्याने दुकानाची गर्दी रचून ठेवली होती, औषधं मात्र विसरला होता.

"खाली सिस्टरकडे दिली असतील," पलंगावरून बायको म्हणाली. "इथे तशीच पद्धत आहे."

"हो, सिस्टरकडे दिली," तो म्हणाला आणि स्टुलाच्या कडेवर अर्धवट टेकला.

सकाळपासून दोघांवरही शस्त्रक्रिया झाली होती. आधी बायकोला भूल देऊन तिची बीजं काढून घेतली. मग त्याला आत नेलं, जागा बधिर केली, अंडकोशाला बारीक चीर देऊन आतला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढला आणि तो लॅबमध्ये पाठवला. त्याच्या वीर्यात शुक्राणू नव्हते. कमी होते असं नाही, नव्हतेच. त्या तुकड्यात एखादा जिवंत सापडला तर पुढची आशा, नाहीतर बायकोने टोचून घेतलेली सगळी इंजेक्शनं पाण्यात. आईला यातलं एवढंच ठाऊक होतं की दोष सुनेत आहे, ऑपरेशन सुनेचं आहे, आणि आपला गुणी मुलगा कामावर सुट्टी टाकून बायकोच्या उशाशी बसला आहे.

हे असं का ठाऊक होतं, त्याचीही एक गोष्ट होती, आणि ती आठवली की त्याचे कान तापायचे. पहिल्या तपासण्यांचा निकाल आला त्या दिवशी आईने दारातच विचारलं होतं, "कोणात निघालं?" विचारलं होतं त्यालाच. तो बुटांच्या नाड्या सोडायला खाली वाकला होता. बायकोने क्षणभर वाट पाहिली आणि म्हणाली, "माझ्यात." नाड्या केव्हाच सुटल्या होत्या. तरी तो मान खाली घालून बराच वेळ त्यांच्याशीच खेळत राहिला. त्या दिवशी जे तो मूग गिळून बसला, ते आजतागायत.

"चहा घे," आई म्हणाली. तिने पिशवीतून थर्मास काढला. "अर्धा ढवळत, अर्धा सांडत आणलाय. ह्यांची लिफ्ट बंद. तीन मजले चढले, गुडघ्यांचं पार पीठ झालं. म्हटलं, माझा मुलगा आख्ख्या शहराच्या लिफ्टा दुरुस्त करतो आणि त्याच्या आईवर ही वेळ."

"तिला दे ना आधी."

"तिला काय घाई आहे? ती झोपून आहे."

बायकोने नजर छताकडे वळवली. आईने झाकणात चहा ओतला आणि तसाच निवायला ठेवला. मग पदराने कपाळ पुसलं आणि कोणाकडेच न बघता बोलू लागली. सुनेशी बोलायची तिची ती रीतच पडली होती.

"मी काही कोणाला बोल लावत नाही. पण बी कितीही कसदार असलं तरी जमिनीने साथ द्यायला नको? माझ्या पोराने कधी चकार शब्द काढला नाही. दुसरा कोणी असता तर दुसरं घर बघितलं असतं."

"आई, पुरे," तो म्हणाला.

"बघा. अजून तिचीच बाजू घेतो."

त्याला जमीन दुभंगून आत जावंसं वाटलं. बायकोचा हात चादरीवर होता, सुई काढलेल्या जागी कापूस चिकटवलेला. तो हात हातात घ्यावा असं त्याला फार वाटलं, पण त्यासाठी पुढे वाकावं लागलं असतं, आणि बधिरपणा आता पुरता उतरत चालला होता.

बाहेर कुठेतरी लिफ्टचं दार आपटल्याचा आणि कोणीतरी वैतागून बटण दाबत असल्याचा आवाज आला. आईचा चेहरा उजळला.

"अरे, जा की. बघ जरा काय झालंय. बिचारे म्हातारेकोतारे जिना चढतायत. तुझ्या हातचा मळ तो."

"त्यांचा माणूस येईल."

"येईल तेव्हा येईल. मी त्या सिस्टरला सांगून बसलेय, माझा मुलगा पाच मिनिटांत चालू करील म्हणून. ऊठ."

तो उठला. उठणं जमलं, पाऊल टाकणं जमलं नाही. डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि त्याने पलंगाची दांडी धरली.

"का रे? पांढराफटक पडलास."

"मीच थांबवलंय त्यांना," बायको घाईने म्हणाली. "मला एकटीला भीती वाटते. जाऊ नका हो तुम्ही."

"एकटी? मग मी काय इथे बाहुली म्हणून बसलेय?" आई म्हणाली. "नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय. बस बाबा, बस. राणीसाहेबांचा हुकूम."

तो बसला. बायकोने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं, थोडी रागावली असती, तरी त्याला बरं वाटलं असतं. पण तिला आता सवय झाली होती. खोटं तिच्या तोंडातून इतकं सहज निघत होतं की तेच त्याच्या जिव्हारी लागलं. ही सवय तिला आपण लावली.

दार उघडून सिस्टर आत आली. तिच्या हातात टॉवेलात गुंडाळलेली बर्फाची पिशवी होती. आईसमोर काही बोलू नका, असं त्याने तिला आधीच हात जोडून विनवलं होतं. त्यावर ती म्हणाली होती, "मी नाही बोलणार. पण बर्फ ठेवावाच लागेल. सूज तुमच्या आईला विचारून येत नाही." आता ती पिशवी घेऊन मध्येच थबकली आणि एकदा त्याच्याकडे, एकदा आईकडे बघू लागली.

"इकडे द्या," बायको म्हणाली आणि तिने हात पुढे केला.

सिस्टरने पिशवी दिली. बायकोने चादर जरा खाली सारली, पिशवी स्वतःच्या पोटावर ठेवली आणि डोळे मिटले. गारव्याने तिच्या अंगावर शहारा आला. सिस्टर निघून गेली.

"आता बर्फही लागतो," आई भिंतीला म्हणाली. "आम्हाला पाच पोरं झाली, कोणी पाण्याचा घोट विचारला नाही."

बायकोचे ओठ थरथरत होते. तिला थंडी सोसत नाही, उन्हाळ्यातही ती पायांवर पांघरूण घेते, हे त्याला माहीत होतं. त्याने आधी नजर खाली नेली. खाली त्याचे बूट होते, नाड्या घट्ट बांधलेले.

मग त्याने हात लांब केला, तिच्या पोटावरची पिशवी उचलली, गुडघे फाकवले आणि पिशवी आपल्या मांड्यांमध्ये धरली.

आई बघत राहिली.

"बर्फ माझ्यासाठी आहे," तो म्हणाला. "माझंही ऑपरेशन झालंय आज, आई. औषधं आणायला गेलोच नव्हतो. तिच्यात काही दोष नाही. कधीच नव्हता. माझ्यात आहे."

आईची नजर पिशवीवर गेली आणि तिने ती झटकन दुसरीकडे वळवली.

"कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

त्याला वाटलं होतं, आता आई रडेल, नाहीतर आपल्या पाठीवरून हात फिरवेल. दोन्हींची त्याला भीती होती. पण आई त्याच्याशी बोललीच नाही. ती सुनेकडे वळली, आणि सुनेकडे बघून बोलली.

"आणि तू मला इतकं बोलू दिलंस?"

बायकोने डोळे उघडले नाहीत. मिटल्या डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळलं. त्याने तिच्या हातावर हात ठेवला. तिने आपला हात हळूच सोडवून घेतला आणि पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं.

सिस्टरने पुन्हा दारातून डोकावलं. "लॅबमधून निरोप आलाय. डॉक्टर बोलावतायत, पेशंटला."

"येतो," तो म्हणाला.

त्याने पिशवी स्टुलावर ठेवली. पँटवर ओला डाग पडला होता, तो त्याने शर्टाने झाकला नाही. भिंतीला धरून, पाय फाकवत, दर पावलागणिक थांबत तो दाराकडे निघाला. आईने थर्मासच्या झाकणातला चहा उचलला. तो तिच्यासमोरून गेला तेव्हा त्याला वाटलं, ती आपल्यालाच देणार.

बाहेर पडल्यावरही त्याने भिंत सोडली नाही. मागून आईचा आवाज ऐकू आला, अगदी हळू, परक्या घरी पाहुणी गेल्यासारखा.

"गार झालाय गं. दुसरा ओतू का?"