मानाचे पाच गडी

"अवं हवालदार, पुन्यांदा घातला बघा त्येंनी!" कुशाबाची बायको सगुणाबाई बांधावरून ओरडली.

कुशाबाला दिसत होतंच. पुण्याच्या पोरांचे वीस गुण झाले होते, मुठ्याच्या गावकऱ्यांचे चार.

गेल्या साली कुशाबा पलटणीतून पेन्शनीवर गावी आला, तो डोक्यात बास्केटबॉल घेऊनच. घरच्या भातखाचरात त्यानं समोरासमोर दोन खांब रोवले आणि त्यांवर विहिरीवरच्या जुन्या मोटांची लोखंडी कडी ठोकली. सगुणाबाईनं तेव्हाच बजावलं होतं, "पुन्याच्या पोरांशी हरलासा तर दुसऱ्या दिशी नांगर घालनार!" ती एकदा बोलली की गोठ्यातले बैलसुद्धा उठून उभे राहत.

तरी कुशाबानं गडी उतरवले ते होळीच्या मानाप्रमाणं. पहिला पाटलाचा हैबतराव, मग त्याचा चुलतभाऊ, मग उरलेले तीन मानकरी. पाचही जण चेंडू मारायला पुढं. आपलं कडं राखायला मागं पळायचं म्हणजे घराण्याची अब्रूच गेली! हैबतरावानं तर एक चेंडू असा भिरकावला की तो घारीनं वरच्या वर झेलला आणि अंडं समजून तीन दिवस उबवला. खेळ दुसऱ्या चेंडूवर चालवावा लागला.

"लावनीला मी समद्या बायका लावायलाच घालते व्हय?" सगुणाबाई म्हणाली. "कुनी रोप उपटतंय, कुनी आनून देतंय, तवा कुनी लावतंय. तुमचे समदे लावनारेच. रोप आननार कोन?"

कुशाबानं एकदा खाचराकडं पाहिलं, एकदा हैबतरावाच्या मिशांकडं.

"हैबतराव, तुमी दोघं भाऊ जरा बसा. रफीक, भिकू, आत या!" त्यानं बांधावरच्या पोरांना हाक मारली.

"मला बसवतोस? पाटलाच्या पोराला?"

"पान्याची घागर राखाया इस्वासाचा मानूस पायजे, पाटील."

बांगडीवाल्या महंमदचा रफीक बुटका, पण चिकट. पुण्याचा ताडमाड गडी पाणी प्यायला गेला, तर हाही त्याच्या मागोमाग ओंजळ धरून उभा. भिकूनं चेंडू हिसकावून पुढं द्यायचा आणि तिघा मानकऱ्यांनी मारायचा. गुण भराभरा चढले. घागर सोडून हैबतरावच ओरडायला लागला, "आडवा त्येला, रफीक!"

पुण्याचे एकतीस, मुठ्याचे तीस. मुठ्याचा शेवटचा चेंडू मोटेच्या कड्यावर तीन गिरक्या फिरला आणि बाहेर पडला.

सकाळी कुशाबानं स्वतःच बैल जुंपले. शब्द तो शब्द. सगुणाबाईनं नांगर धरला, अर्धं खाचर नांगरलं आणि मधल्या चुन्याच्या रेघेवर बैल थांबवले.

"का गं?"

"तिकडच्या कड्यावर तुमी नुसती चेंडूची मारामारी केली, ती जिमीन माझी. हिकडचं कडं पोरांनी राखलंय. ते ऱ्हाऊ द्या."

दसऱ्याला निम्म्या खाचरात भात कमरेला लागलं आणि निम्म्यात एका कड्यावर खेळ रंगला. चेंडू भातात गेला की आणायला हैबतराव धावायचा. देवळात जावं तसे बांधावर जोडे काढून मगच आत शिरायचा.