व्हीलवरचा कागद

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो, उगाच पुढे गैरसमज नको. पोरं पाठीमागे मला ‘तोफ’ म्हणतात आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. बावीस वर्षं मी तंत्रशाळेच्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडर शिकवतोय. माझ्या हाताखालून गेलेली पोरं कुठल्या कुठल्या कारखान्यांत फोरमन झालीत.

आमच्याकडे प्रत्येक यंत्राची एक वही असते. ग्राइंडरची वही माझ्या हातची. काय उघडायचं, काय पुसायचं, काय किती घट्ट करायचं, सगळं पायरीपायरीनं लिहिलेलं. नवी बॅच आली की पहिल्या दिवशी ती वही उतरवून घेते आणि पुढे वर्षभर तीच चालते. कंपनीचं पुस्तक कपाटात पडून असतं, कारण ते इंग्रजीत. ते पुस्तक बघून मी वही तयार केली. बघून म्हणजे बघूनच, चित्रं बघून! मला इंग्रजी येत नाही. भागांची नावं येतात, आकडे येतात, पण सलग ओळी आल्या की डोळे घसरतात. हे घरच्या बाईसाहेबांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक होऊ नये म्हणून मी जंग जंग पछाडलं होतं.

त्यामुळे गेल्या वर्षी इंग्रजीच्या बाई रुजू झाल्या आणि प्राचार्यांनी माझे आठवड्याचे दोन तास त्यांना दिले, तेव्हा माझं डोकंच फिरलं. भर बैठकीत मी म्हणालो, “यंत्राला इंग्रजी कळत नाही. यंत्राला हात कळतो!”

सगळे हसले. बाई तेवढ्या हसल्या नाहीत. “यंत्राला नाही कळत, सर,” त्या म्हणाल्या, “पण यंत्र बनवणाऱ्यानं जे सांगून ठेवलंय, ते इंग्रजीत आहे.” मी नुसता आवाज चढवला.

बाईंनी दहा जणांच्या बॅचला एकेका यंत्राचं पुस्तक वाचायला दिलं. ग्राइंडरचं आलं मुंगीच्या वाट्याला. बॅचमधली ही एकटी मुलगी. चणीनं एवढीशी, आणि कायम काहीतरी उचलून नेत असायची, म्हणून मुंगी. आई दवाखान्यात फरशा पुसते. इंग्रजीत ही काठावर पास झालेली. पण डबा खाऊन झाला की ती शब्दकोश घेऊन ग्राइंडरशेजारी बसायची आणि एकेका शब्दाखाली बोट ठेवून वाचायची. मी जाता-येता टोमणे मारायचो. “काय मुंगे, यंत्र चालवायचंय की वकिली करायचीय?” ती मान खाली घालायची आणि बोट पुढच्या शब्दावर सरकवायची.

वार्षिक प्रात्यक्षिक आठवड्यावर आलं असताना ती माझ्याकडे आली.

“सर, एक विचारू? ते व्हीलवरच्या कागदाचं.”

ग्राइंडरचं व्हील म्हणजे घासणारं दगडी चाक. नवं आणलं की त्याच्या दोन्ही अंगांना, मधल्या भोकाभोवती, जाडसर गोल कागद चिकटवलेला असतो. त्यावर काहीबाही छापलेलं. माझ्या वहीतली चौथी पायरी होती, ‘कागद सोलून व्हील स्वच्छ पुसावे.’ लेबल आहे ते, असं मी धरून चाललो होतो. नवा शर्ट घालताना किमतीची चिठ्ठी कोण ठेवतं?

“पुस्तकात लिहिलंय, कागद काढायचा नाही.”

“पुस्तक मोठं की मी?”

“तसं नाही सर, पण...”

“मग कसं? बावीस वर्षं सोलतोय मी कागद. नीघ!”

ती गेली, पण माझ्या डोक्यातून काही जाईना. आमच्याकडे वर्षाला दोन-तीन व्हीलं तडकायची. मी दुकानदाराशी भांडायचो, माल भिकार आहे म्हणून. गेल्या साली एका व्हीलचा तुकडा उडून झाकणाचा पत्रा वाकला होता. कुणाला लागलं नाही, नशीब.

त्या संध्याकाळी मी पुस्तक पिशवीत घालून घरी नेलं. चित्र सापडलं. व्हीलच्या आणि त्याला दोन्हीकडून आवळून धरणाऱ्या लोखंडी चकत्यांच्या मध्ये दोन बारीक रेघा होत्या, आणि खाली सात ओळी. त्या सात ओळींसमोर मी तासभर बसलो.

“उलटं धरलंय का हो?” आमची ही चहा ठेवत म्हणाली.

“सुलटंच आहे.”

“मग विचारा की त्या बाईंना. नाहीतर त्या पोरीला.”

“जीभ झडली तरी विचारणार नाही.”

आणि नाहीच विचारलं. दुसऱ्या दिवशी पुस्तक कपाटात ठेवून दिलं. शंका आली होती, तरी गप्प बसलो. हे पाप माझं आहे, ते मी झाकणार नाही.

प्रात्यक्षिकाला त्या वर्षी पहिल्यांदाच बाहेरून परीक्षक आले. कारखान्यातला माणूस, बोलणं मोजकं. सुरक्षेत चूक झाली की सरळ नापास आणि वर्ष वाया, हा नियम त्यांनी सुरुवातीलाच वाचून दाखवला. काम एकच, प्रत्येकाला एक नवं व्हील, ते बसवायचं. एकामागून एक नऊ पोरांनी कागद सोलून बसवलं. परीक्षक लिहीत होते.

दहावी मुंगी. तिनं व्हील बोटावर लटकवलं, स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं हलकेच वाजवून बघितलं. खणखणीत आवाज आला, म्हणजे तडा नाही. धूळ पुसली आणि कागदासकट व्हील उचललं.

“कागद!” मी मागून ओरडलो. सवयच ती.

तिचा हात थांबला. पण वळून ती म्हणाली, “नाही सर. कागद राहणार.”

“का?” परीक्षकांनी विचारलं.

तिनं आधी पुस्तकातली ओळ इंग्रजीत म्हटली, अडखळत, दोनदा मागे जाऊन. मग म्हणाली, “ही गादी आहे. चकती लोखंडाची, व्हील दगडाचं. मध्ये मऊ काही नसेल तर नट आवळल्यावर सगळा दाब एकाच जागी येतो आणि व्हील तडकतं. जोरात फिरताना फुटलं तर समोरचा माणूस जातो.”

परीक्षकांनी पेन बंद केलं. “बरोबर. म्हणजे ही एक पास. बाकीचे नऊ नापास.”

नऊ चेहरे पांढरेफटक पडले. एकाला तर नोकरीचं पत्रही आलेलं होतं. तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं, ‘सरांनी असंच शिकवलंय.’ पण नाही! नऊच्या नऊ मूग गिळून उभे राहिले. मुंगीसुद्धा. एकानंही माझ्याकडे बघितलं नाही. पोरं मला वाचवत होती, आणि मला स्वतःची एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

“थांबा साहेब,” मी म्हणालो. “चूक त्यांची नाही. मी शिकवलंय तसं. मला इंग्रजी वाचता येत नाही. चित्रं बघून वही लिहिली, त्यात हे चुकलं. या पोरीनं आठवड्यापूर्वी सांगितलं होतं, तर मी तिलाच हाकललं.”

परीक्षकांनी घड्याळ बघितलं.

“तीन वाजता नऊ जणांची परीक्षा परत घेतो,” ते म्हणाले. “पण तोवर त्यांना शिकवणार कोण?”

“ती,” मी म्हणालो.

“आणि तुमच्याबद्दल जे लिहायचं ते मला लिहावं लागेल.”

“लिहा.”

मुंगी पुस्तक घेऊन यंत्रापाशी उभी राहिली. एक ओळ इंग्रजीत वाचायची, मराठीत सांगायची, मग हातानं करून दाखवायची. एक पोरगा मागे खुसखुसला. “हसतोस काय? बोट जाईल तेव्हा हस!” ती कडाडली. अगदी माझ्यासारखी! माझी छाती अशी फुगली की विचारू नका. दारात इंग्रजीच्या बाई उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघून मी हात जोडले. त्यांनी मान डोलावली, झालं.

नऊ जणांचं झाल्यावर ती म्हणाली, “कुणी राहिलं?”

“मी,” म्हणत पुढे झालो. बावीस वर्षांचे सराईत हात माझे, पण आज एकेक पायरी आठवून करत होते. दोन्ही कागद जागच्या जागी ठेवून व्हील बसवलं, नट आवळला. तिनं बोटानं व्हील फिरवून तपासलं, झाकण लावून घेतलं. मी बटण दाबलं आणि नेहमीसारखा समोर उभा राहिलो.

“सर, पहिलं एक मिनिट समोर थांबायचं नाही. बाजूला व्हा.”

माझ्या वर्कशॉपमध्ये मला ‘बाजूला व्हा’ म्हणणारं कुणी जन्माला आलं नव्हतं. मी मुकाट्यानं बाजूला झालो. व्हील फिरत होतं. ती घड्याळाकडे बघत होती आणि मी तिच्याकडे.

तीन वाजता नऊच्या नऊ पास झाले. परीक्षक कागद गोळा करून निघाले, तसा मी त्यांना दारात गाठलं. माझ्याबद्दल काय लिहिलंत, हे विचारायला नाही.

“साहेब,” मी म्हणालो, “ती मुलगी माझी विद्यार्थिनी आहे.”