दोरीमागचा बाक

मित्रांनो, मी एक जुना सागवानी बाक आहे. बाक म्हटल्यावर तुम्ही टेकायला पुढे याल, म्हणून आधीच सांगतो, थांबा. माझ्यावर बसायला मनाई आहे. माझ्यापुढे लाल दोरी आहे आणि दोरीला पाटी टांगली आहे: 'आसनाला स्पर्श करू नये.' पावसाला कुणी म्हणावं, ये बाबा, पण कुणाला भिजवू नकोस, तशातली ही गत.

समुद्राकाठच्या या इमारतीत पूर्वी जकातघर होतं. उंच खांब, रंगीत काचांच्या खिडक्या आणि समुद्राकडे तोंड केलेला लांबलचक व्हरांडा. परदेशी साहेब वरच्या मजल्यावर बसून बंदरात उतरलेल्या मालावर कर घ्यायचा. ज्यांची माणसं गलबतावर गेलेली असत ते लोक खाली जिन्याच्या पायऱ्यांवर बसून वाट पाहायचे. साहेबाला येता-जाता त्यांना ओलांडून जावं लागे. एक दिवस तो वैतागला आणि म्हणाला, "यांना बसायला काहीतरी करा रे!" असा मी जन्मलो, साहेबाच्या वैतागातून.

मला दोघा सुतार भावांनी घडवलं. थोरला मापं घ्यायचा, धाकटा रंधा मारताना गुणगुणायचा. काम संपल्यावर धाकट्याने माझ्या काठावरून आपला तळवा सावकाश फिरवला. थोरला म्हणाला, "अरे, बाक आहे तो, मांजर नव्हे. किती कुरवाळशील?" तो म्हणाला, "कुणाच्या लुगड्यात लाकडाचं कुसळ अडकायला नको, दादा."

मग माझे भरल्या घरासारखे दिवस सुरू झाले. हमाल माझ्यावर पाठ टेकत, म्हातारे डुलक्या काढत, लेकुरवाळ्या बाया पोरांना मांडीवर थोपटत. एका पोराने तर मला ओलंही केलं. मला काही वाटलं नाही. घरातल्या माणसाला वाटतं का? एका खलाशाची बायको रोज माझ्या डाव्या टोकाला बसायची आणि समुद्राकडे बघत हळूच म्हणायची,

वाट पाहता पाहता, बाई, बाकाला पडली खाच,
गलबत दिसेना गं, लाटांचा नुसता नाच.

खरंच खाच पडली होती. बसून बसून, उठून उठून माझं अंग जागोजागी खोलगट झालं होतं. माझी कमाई ती एवढीच.

पुढे बंदरात गाळ साचला, जहाजं दुसरीकडे वळली, साहेब गेले, कचेरीही गेली. मला अडगळीच्या खोलीत लोटून माझ्यावर मोडकी कपाटं रचली. ते दिवस अंगावरच्या कोळिष्टकांनी मोजले मी. मग किनाऱ्यावर प्रवासी यायला लागले, हॉटेलं उभी राहिली आणि कुणाला तरी आठवलं की ही इमारत फार देखणी आहे. तिला रंग दिला, तिचं संग्रहालय केलं. मलाही बाहेर काढलं. मला वाटलं, आता परत व्हरांडा, परत माणसं!

कसलं काय. मला घासलं, माझ्या त्या सगळ्या खोलगट जागा लांबीचा लगदा भरून बुजवल्या, वर चकचकीत रोगण चढवलं आणि वरच्या दालनात उभं केलं. पाटीवर लिहिलं, 'साहेबांचे शाही आसन.' मित्रांनो, साहेब माझ्यावर कधीही बसला नाही. एकदा फक्त बुटाची नाडी बांधायला पाय ठेवला होता त्याने. आता रोज कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवून म्हणतं, "इथे बसून साहेब चहा घ्यायचे." मला ओरडता येत असतं तर काय हवं होतं!

पण माझी खरी चिडचिड वेगळीच आहे. ती मावशींपायी.

मावशी म्हणजे या दालनावर लक्ष ठेवणाऱ्या बाई. सकाळी दार उघडल्यापासून संध्याकाळी कुलूप लागेपर्यंत त्या माझ्या शेजारी, भिंतीशी उभ्या. गुडघे सुजलेले. आधी त्यांच्याकडे एक निळं स्टूल होतं. एकदा संग्रहालयाच्या व्यवस्थापक साहेबांना पाहुण्यांच्या फोटोत ते दिसलं, आणि त्यांनी ते उचलायला लावलं.

"शाही दालनात प्लॅस्टिकचं स्टूल? लोक हसतील, मावशी."

"हसू द्या की. मी लंगडते म्हणून हसतातच."

"नियम आहे. पाहुणे असताना उभं राहायचं."

तेव्हापासून मावशी उभ्याच. कधी या पायावर भार, कधी त्या. दालन रिकामं असलं की माझ्याशी बोलायच्या. "सुनेला म्हटलं, जरा पाय चेपून दे गं. तर म्हणते कशी, 'त्या बाकाला सांगा, दिवसभर त्याच्याच सोबतीला असता.' आहे की नाही चाबरी? पण रात्री तेल लावून दिलंन हो." आणि मग थोड्या वेळाने, "असं किती दिवस उभं राहवेल, कुणास ठाऊक. घरी बसले तर सगळं पोराच्या एकट्याच्या अंगावर येईल."

आणि मी? चार माणसं ऐसपैस मावतील एवढा लांब, हातभर अंतरावर, रिकामा! बसायला जन्मलेला मी आणि बसायला आसुसलेल्या त्या, आणि मध्ये बोटाएवढी जाड दोरी. या दोरीचा मला जेवढा राग आला, तेवढा वाळवीचाही कधी आला नाही.

एके दिवशी व्यवस्थापक साहेब आपल्या आईला संग्रहालय दाखवायला घेऊन आले. म्हातारी जिना चढून धापा टाकत आली, इकडेतिकडे पाहिलं, दोरी वर उचलली, खाली वाकली आणि माझ्यावर बसली. सरळ!

"आई! अगं, त्यावर बसायचं नसतं!"

"मग काय, डोक्यावर घ्यायचं असतं?" मग तिचं लक्ष मावशींकडे गेलं. "तू का गं उभी? पाय बघ कसे झालेत तुझे. ये, बस."

"नको, आजी. मला बसलेलं चालत नाही."

"कोण म्हणतं? हा? याला मी रांगताना पाहिलंय. ये गं."

मावशींनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. शेवटी मावशी अगदी काठावर टेकल्या. टेकल्या कसल्या, सगळा भार पायांवरच ठेवला होता त्यांनी. मी आतल्या आत म्हणत होतो, अहो बाई, सोडा की अंग! मी आहे ना! पण त्यांनी सोडलं नाही, आणि दोन श्वासांत उठल्याही.

पण त्या दोन श्वासांतच कुणा प्रवाशाने फोटो काढला. तो फिरत फिरत वरिष्ठांच्या कचेरीत पोचला. फोटोत आजी एका खांबाआड गेली होती, मावशी मात्र गणवेशासकट स्पष्ट दिसत होत्या. काही दिवसांनी व्यवस्थापक साहेब आले ते खाली मान घालूनच.

"मावशी, वरून विचारणा झाली. उद्यापासून तुम्ही... म्हणजे, दुसरी बाई येईल."

"तुमच्या आईचं सांगितलंत का त्यांना?"

साहेबांनी दोरीवरची सरळच असलेली पाटी पुन्हा सरळ केली आणि ते वळले.

ते गेल्यावर मावशींनी दोरी काढली, नीट गुंडाळून बाजूला ठेवली आणि भर दुपारी, पाहुण्यांच्या देखत माझ्यावर बसल्या. या वेळी सगळा भार टाकून. पाठ टेकली, पाय लांब केले, डोळे मिटले. माझी जुनी लाकडं करकरली. मित्रांनो, ते दुखणं नव्हतं.

साहेब दारात आले. "मावशी, उठा ना."

"आजचा दिवस तुमचाच आहे, साहेब," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "पण पाय माझे आहेत."

साहेब गेले. खांद्यावर झोपलेलं मूल घेऊन एक बाई आत आली. तिने घाबरत विचारलं, "इथे बसलं तर चालतं का हो?"

"चालतं तर! बस, मी सरकते."

'मी सरकते'! किती वर्षांनी ऐकले ते शब्द. व्हरांड्यात दिवसातून कितीदा तरी ऐकू यायचे. मग एक थकलेले आजोबा आले, त्यांची नात आली, आणि संध्याकाळपर्यंत मी या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेला होतो. मावशींना बसायला मिळालं, पण त्यासाठी त्यांची नोकरी जावी लागली. हे कसलं जग!

आता दोरी दुहेरी झाली आहे. भिंतीशी नवी बाई उभी असते. तिचे पाय अजून तरुण आहेत.

मित्रांनो, जुन्या वस्तू सहसा तुम्हाला विनवतात की आम्हाला जपा. मी नाही विनवणार. मला इतकं जपलंय की जीव नकोसा झालाय. तुम्ही कधी असल्या जुन्या इमारतीत आलात, तर दोरीमागच्या वस्तू जरूर बघा. पण कोपऱ्यात जे कुणी उभं असेल, त्यांच्या पायांकडेही बघा. आणि बाहेर पडताना विचारा, यांना बसायला काही का नाही? मोठ्याने विचारा, पुन्हा पुन्हा विचारा. मला विचारता येत नाही. मला फक्त रिकामं राहता येतं, आणि ते मी रोज करतो आहे.