दहापैकी दहा

गल्लीतले लोक त्याला कानसेन म्हणत, आणि तो ते आनंदाने म्हणवून घेई. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती. झाकण उघडायच्या आधी घड्याळ कानाला लावायचं आणि कुठलं चाक अडतंय ते सांगून मोकळं व्हायचं, ही त्याची ख्याती. पुढे गुडघ्यांपायी दुकान बंद करावं लागलं, पण कानाचा तोरा काही उतरला नाही.

त्या तोऱ्यातच त्याने महागडा सीडी प्लेअर घरी आणला. जुना चांगला धडधाकट असताना, बरं का. नवा इतका जड, की दोघांनी धरून कपाटावर चढवला. त्यातला दुसरा म्हणजे मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. पेशाने इलेक्ट्रिशियन आणि तोंडाने फटकळ.

"भावोजी, सीडी तीच, अ‍ॅम्प्लिफायर तोच, स्पीकर तेच," मेहुणा म्हणाला. "फरक पडलाच तर खिशाला पडेल."

"तुला ऐकू येत नाही म्हणजे फरकच नाही, असं होत नाही."

शब्दाने शब्द वाढला आणि शेवटी परीक्षा ठरली. व्हायोलिनच्या एकाच सीडीच्या दोन प्रती घेतल्या, एक जुन्यात घातली, एक नव्यात. मेहुण्याने मीटर लावून दोन्हींचा आवाज सारखा करून दिला. मध्ये चादर टांगली. चादरीमागे बायको बसली, बटण फिरवायला आणि लिहून घ्यायला. ती निवृत्त नर्स; तिच्या कागदावर कोण संशय घेणार? कानसेन डोळे मिटून दहा वेळा "नवा", "जुना" सांगत गेला. एकदा तर "आहाहा, हा नवा" म्हणत मांडीवर थापही मारली.

बायको बाहेर आली, तिने चष्मा पुसला आणि म्हणाली, "दहापैकी दहा."

मेहुण्याचं तोंड बघण्यासारखं झालं. महिन्याभरात त्यानेही तसाच प्लेअर घेतला, यावरून काय ते समजा. आणि कानसेनाने घरी येईल त्याला चहाबरोबर ही गोष्ट पाजली. माणूस नको म्हणाला तरी पाजली.

असे आठ महिने गेले. एका दुपारी त्याच सीडीच्या डबीतली पुस्तिका काढताना मागून घडी घातलेला कागद पडला. पट्टीने आखलेले रकाने, वर तारीख, प्रत्येक ओळीला वेळ, आणि अक्षर बायकोचं. वॉर्डात ती पेशंटला तोंडाने "आज बरे दिसताय हो" म्हणायची आणि तक्त्यावर ताप जो असेल तोच लिहायची. लिहिलेला तक्ता कधी फाडायची नाही. हे त्याला ठाऊक होतं, किंबहुना याचं त्याला कौतुकच होतं.

पाच बरोबर, पाच चूक. नाणं उडवून सांगितलं असतं तरी तितकेच आले असते. सातव्या ओळीपुढे लिहिलं होतं, 'जुना चालू. तरी आहाहा, हा नवा, म्हणाले.' आणि सगळ्यात खाली, 'डावा कान. बारीक आवाज पोचत नसावेत. रुग्णाला सांगितलेले नाही.'

त्याने ती शेवटची ओळ तीनदा वाचली. इतक्या वर्षांचा संसार, आणि तो रुग्ण.

बायको स्वयंपाकघरात मटार सोलत होती. त्याने कागद तिच्यापुढे ठेवला. तिने तो ओळखला, तरी हातातली शेंग सोलून पुरी केली.

"मला मूर्ख बनवलंस," तो म्हणाला. "तुझ्या सख्ख्या भावालाही बनवलंस. आठ महिने मी चारचौघांत मिरवतोय आणि तू इथे उभी राहून ऐकतेयस."

"तुम्ही प्लेअरचं विचारतच नव्हता. कान शाबूत आहे का, ते विचारत होता. चादरीमागे तुमचा आवाज ऐकला आणि माझ्याने खरं सांगवेना."

दुकानदाराने फसवलं असतं तर चार शिव्या हासडून तो मोकळा झाला असता. हिला काय म्हणायचं? आणि मग त्याला एकेक आठवायला लागलं. दुकानाच्या शेवटच्या दोन वर्षांत दुरुस्त केलेली घड्याळं परत येऊ लागली होती. "लोक धड वापरतच नाहीत," ही म्हणाली होती. मग हिनेच गुडघ्यांचं टुमणं लावलं. गुडघे तेव्हा खरं तर इतके दुखतही नव्हते.

"दुकान बंद करायला लावलंस, ते गुडघ्यांसाठीच ना?"

"हो," ती म्हणाली. "गुडघ्यांसाठीच."

त्याने कागद उलटा केला, कोरी बाजू वर. खिशातलं पेन काढून त्यावर ठेवलं.

"लिहून दे."

तिने हात पुसले. पेन उचललं, टोपण काढलं आणि बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग टोपण परत लावलं आणि उरलेल्या शेंगा पुढे ओढल्या.