धान्य प्रक्रिया उद्योग

हितेंद्र खोटं बोलला याचा मला एवढा राग नव्हता. लग्न जमवताना खरं बोलतं कोण? आमच्या ह्यांची शेती माझ्या बापाला बारा एकर सांगितली होती. लग्नानंतर मी पायांनी फिरून बघितली, तर साडेसात निघाली, त्यातही दीड एकर नाल्यात. पण हा मुलगा माझ्या नातीला बघायला फैजपूरला आमच्या घरी येतो, खोटं सांगतो, वर पोहे दुसऱ्यांदा मागून घेतो, त्यातले शेंगदाणे वेचून आधी खातो आणि जाताना वाकून पाया पडतो, हे मला लागलं. खोटं बोलणाऱ्याने निदान एकदाच खावं.

आमच्या समाजात दरवर्षी वधू-वर मेळाव्याचं पुस्तक निघतं. त्यात पोरांचे फोटो, उंची, शिक्षण, मामाचं गाव सगळं असतं. सगळीच पोरं निर्व्यसनी असतात. त्यांच्या गावातल्या पानटपऱ्या कशा चालतात कोण जाणे. त्या पुस्तकात हितेंद्रच्या फोटोखाली छापलं होतं: देवपूर, धुळे. उंची पाच-नऊ. बी.टेक. नोकरी, धान्य प्रक्रिया उद्योग.

पोहे खाताना मी विचारलं, "धान्याचं करतोस काय?"

"जव भिजवतो, आजी. मोड आणतो. वाळवतो."

"मग?"

"मग त्याचं माल्ट होतं." एवढं बोलून त्याने बशी पुढे केली.

माल्ट मला माहीत आहे. लेकरांच्या दुधात घालतात ती तपकिरी भुकटी. आमच्या ललितला मी चार वर्षं पाजली, तरी तो बुटकाच राहिला. मी गल्लीत अकरा घरी सांगून आले की माझ्या नातीला बघायला आलेला मुलगा लेकरांच्या ताकदीची पावडर बनवतो. शेजारच्या कमलबाईने लगेच कारखान्याच्या भावात दोन डबे मागितले.

चार दिवसांनी नात, चारुलता, माझ्याजवळ येऊन बसली. सव्वीस वर्षांची आहे, औषधांचं शिकलेली, जळगावला दुकानात काम करते. माझी वेणी घालता घालता मागून म्हणाली, "आजी, ते माल्ट दुधात नाही टाकत."

"मग कशात?"

"त्याची व्हिस्की होते."

मी वेणी तशीच अर्धी ठेवून उठले. मग कळलं की पोरीला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याने तिला फोनवर स्वतः सांगितलं होतं. फक्त आम्हा मोठ्यांना फसवायचं दोघांनी ठरवलं होतं, म्हणजे एकमेकांशी पटतं म्हणायचं.

"तुले पाह्यजे का तो?" मी विचारलं.

"पाहिजे."

"दारू गाळणारा?"

"आजी, पाहिजे म्हटलं ना."

रविवारी मुलाकडे होकार-नकार कळवायचा होता. आमच्या घरात ललित फोन लावतो, पण काय बोलायचं ते मी सांगते. तो पोरीचा बाप असला तरी माझा मुलगा आहे. मी चारूला म्हटलं, मी तो कारखाना डोळ्यांनी बघेन, मग बोलेन. तिने तर आधीच जागा धरून ठेवल्या होत्या. ती कंपनी दर शनिवारी आठ माणसांना जळगावहून गाडीने नेते, दारू कशी होते ते दाखवते, चाखायला देते, जेवू घालते आणि परत आणून सोडते. लोक पैसे भरून जातात. आमच्या गावात भट्टी बघायला पोलीस जायचे, तेही फुकट.

"म्हाताऱ्या माणसांना घेतात का?"

"पंचवीस वर्षांवरचं कोणीही चालतं."

हे ऐकून आमचे हे, जीवराम आबा, झोपाळ्यावरून उतरले. त्र्याहत्तर वर्षांत हा माणूस कुठल्या लग्नाला वेळेवर तयार झाला नाही. शनिवारी पहाटे चारला दाढी करून, धुतलेली टोपी घालून ओट्यावर बसला होता.

"फक्त पाहाची शे, पेयाची नही," मी बजावलं.

"पाहूनच राह्यलो ना," हे म्हणाले. रस्त्याकडे बघत होते.

गाडीत आमच्याशिवाय पाच जण होते. मेहरूणचं एक जोडपं आणि पुण्याहून सुट्टीला घरी आलेली तीन पोरं. मेहरूणच्या माणसाने डोक्यावर गोल हॅट घातली होती आणि एरंडोलपासून पारोळ्यापर्यंत तो स्कॉटलंडची हवा कशी असते ते सांगत होता. त्याची बायको खिडकीतून कपाशीची रिकामी झालेली वावरं बघत होती. मी तिला विचारलं, तुम्हीपण गेलता का तिकडे? ती म्हणाली, नाही, तेही नाही गेले, मोबाइलवर बघतात.

धुळ्याच्या पुढे रस्ता सोडून गाडी आत वळली. टेकडीच्या पायथ्याशी लाल कौलांची लांब इमारत, पुढे गुलाबाचे वाफे. दारूचा कारखाना आहे हे सांगितलं नसतं तर मी चपला काढून आत गेले असते.

फाटकावर हिलाल नावाचा म्हातारा वॉचमन होता. बाकीचे पुढे गेले. मी त्याला विचारलं, "इथं हितेंद्र नावाचं पोरगं कुठं बसतं?"

"आत्तेच आठे व्हता, अक्का," तो म्हणाला. "तुमनी गाडी उनी, तुम्ही खाले उतरनात, आन तो पळना."

"कुठं?"

"कोठे तरी दपी बठना शे." लपून बसलाय, असं सांगून तो हसला. मला त्या माणसाचं बरं वाटलं. दारूच्या कारखान्यात पहिलं खरं बोलणारा तोच भेटला.

फिरवून दाखवणारी मुलगी ज्योत्स्ना. गोड बोलणारी, गळ्यात ओळखपत्र. तिने आधी सगळ्यांकडून सरकारचा एक दिवसाचा पिण्याचा परवाना भरून घेतला. मी म्हटलं मला नको. ह्यांनी मात्र मान खाली घालून सही केली, एवढी सावकाश आणि सुंदर की मला आमच्या साडेसात एकरांच्या कागदावरची त्यांची सही आठवली. ती कोंबडीने केल्यासारखी आहे.

मग तांब्याचं भांडं दाखवलं. आपला आंघोळीचा बंब खोलीएवढा करावा आणि त्याला हत्तीची सोंड लावावी, असं. ज्योत्स्ना सांगत होती की याच्यात वाफ कशी वर जाते आणि थंड होऊन कशी खाली येते. हॅटवाला प्रत्येक वाक्याला मान हलवत होता, जणू हे त्यानेच शोधलंय.

पुढच्या खोलीत लाकडी पिंपं. अंधार, गार, आणि वास असा की मी पदर नाकाला लावला आणि मग थोडा काढला. जुन्या लाकडी पेटीत गूळ ठेवून विसरावा तसा तो वास होता. ज्योत्स्ना म्हणाली, "आपल्या इथल्या उन्हामुळे पिंपातली व्हिस्की दरवर्षी थोडी उडून जाते. त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात."

"किती उडते?" मी विचारलं.

"बऱ्यापैकी, आजी. दहा टक्क्यांपर्यंतसुद्धा."

"बाई, देवाला आम्हीपण रोज नैवेद्य दाखवतो," मी म्हटलं. "अजून एक घास कमी झालेला पाह्यला नही. खातात ती घरचीच माणसं. तुमच्याकडं किल्ली कोणाजवळ असते ते बघा एकदा."

पुण्याची पोरं हसली. ज्योत्स्नाही हसली, पण कोपऱ्यात पिंप पुसणाऱ्या माणसाकडे बघून. तो आणखी जोरात पुसायला लागला.

तोवर बारा वाजून गेले होते. हितेंद्र कुठेच नाही. चारू फोन काढत होती, बघत होती, परत ठेवत होती. तिचं तोंड उतरलेलं मला दिसत होतं. माझं उत्तर जवळपास ठरलं होतं. आजेसासूला बघून पळणारा माणूस उद्या सासऱ्याला बघून पळेल, आणि कर्जवाल्याला बघून तर गावच सोडेल.

शेवटची खोली धान्याची. लांबच्या लांब फरशी, तिच्यावर भिजवलेल्या जवाचा घोट्याएवढा थर, पांढरे मोड फुटलेले. एका भिंतीला रिकाम्या पोत्यांची थप्पी. दुसऱ्या भिंतीवर फळा, त्यावर धान्य उलटायच्या वेळा आणि समोर सह्या. ज्योत्स्ना म्हणाली, "हा विभाग हितेंद्र सर बघतात. ते आज रजेवर आहेत."

मी फळ्याकडे बघितलं. तीन वर्ग शिकले असले तरी घड्याळाचे आकडे मला वाचता येतात. साडेसहासमोर हितेंद्रची सही होती. साडेदहासमोर काही नव्हतं.

मी चप्पल काढली, वाकले आणि हात त्या धान्यात फरशीला लागेपर्यंत घातला. वरून गार, खाली गरम.

ज्यांच्या घरात कापूस रचलेला असतो त्यांना हे शिकवावं लागत नाही. ओला कापूस खोलीत पडला की वरून शहाण्यासारखा दिसतो आणि आतून तापतो. रोज कोपरापर्यंत हात घालून बघायचा, तापला की उलटायचा, नाहीतर पिवळा पडतो. कुरडयांचा गहू तीन दिवस भिजत असतो तेव्हाही तेच. पाणी बदलायला एक दिवस चुकलं की वासच सांगतो.

"माल तापला," मी म्हटलं.

ज्योत्स्ना म्हणाली, "आजी, ते चाळीस टक्के ओलं असतं, त्यामुळं..."

"टक्के राहू दे, बाई. हात घालून पाह्य."

तिने हात नाही घातला. नखं रंगवलेली होती. भिंतीला एक लाकडी फावडं टेकवलेलं होतं. मी पदर खोचला, फावडं घेतलं आणि त्या थरात उतरले. दारूचं असलं तरी धान्य आहे. कोणाच्यातरी वावरात आलंय. माझ्या डोळ्यांदेखत ते मी सडू देणार नाही. मी फावड्याने ते ओढायला लागले. हॅटवाल्याने मोबाइल काढून माझा व्हिडिओ सुरू केला.

दोन हात मारले असतील, तोच पोत्यांच्या थप्पीमागून कोणीतरी ओरडलं, "ओढू नका. मोड तुटतील."

आणि हितेंद्र बाहेर आला. डोक्यात सुतळीचे धागे, शर्टाला भुसा, गुडघे पांढरे. दोन तास तिथे उकिडवा बसलेला. पाया पडला नाही, नमस्कार नाही, काही नाही. सरळ माझ्या हातातलं फावडं घेतलं.

"बाजूला व्हा," म्हणाला. "खालून उचलायचं, हवेत उघडायचं आणि पालथं टाकायचं. ओढायचं नाही. असं."

लग्न होऊन आल्यापासून मला बाजूला व्हा असं कोणी म्हटलेलं नाही. आमच्या ह्यांनी एकदा प्रयत्न केला होता, पण वाक्य पूर्ण झालं नव्हतं.

मी बाजूला झाले. त्याचा हात बघण्यासारखा होता. फावडं फरशीला घासून जायचं, वर उठायचं, जव पंख्यासारखे उघडून खाली पडायचे, एकही मोड चिरडत नव्हता. अनवाणी होता, पाय उचलून न टाकता सरकवत चालायचा. मधेच दाणा उचलून दाताखाली धरायचा. आपण कोणासमोर आहोत हे तो विसरला होता. मी भिंतीचं दुसरं फावडं घेतलं आणि त्याच्यामागून ओळ धरली. एकदा फक्त "थोडं उंच" म्हणाला.

अर्धी फरशी उलटून झाल्यावर मी विचारलं, "पुस्तकात खोटं कोणी छापलं?"

"मामांनी." तो थांबला नाही. "मी म्हटलं होतं डिस्टिलरी लिहा. मामा म्हणाले, मग पोरगी कोण देईल."

"आणि फैजपूरला तोंड कोणाचं होतं? मामाचं?"

आता तो थांबला. "खरं सांगितलं असतं तर तुम्ही पोहे दिले असते का?"

"दिले असते. दुसऱ्यांदा विचारलं नसतं."

दारातून चारू हसली असावी, मी बघितलं नाही.

"पितोस का?"

"वास घेतो. जिभेवर ठेवतो. थुंकतो."

"दरवेळी?"

त्याने फावडं टेकवलं. "नाही. सहा महिन्यांतून एखादी चांगली निघते. ती गिळतो."

पुस्तकात निर्व्यसनी छापलंय, हे त्यालाही आठवलं असणार, कारण कान लाल झाले. पण शब्द मागे घेतला नाही.

फरशी पूर्ण झाली. त्याने खडू घेतला आणि साडेदहासमोर सही केली. मग सहीपुढे लिहिलं, उशीर एक तास पन्नास मिनिटं. मी त्याच्या मागेच उभी होते. तिथे नुसती सही ठोकली असती तरी कोणाला कळलं नसतं.

शेजारच्या चाखायच्या खोलीतून आमच्या ह्यांचा आवाज येत होता. ते पुण्याच्या पोरांना बारा एकरांची शेती समजावून सांगत होते.

चारू दारात उभी होती, ओठ घट्ट मिटून. हितेंद्र माझ्याकडे बघत होता, फावडं अजून हातात. मी पायाला चिकटलेले जव एक एक करून काढले, त्याच्या हातात दिले आणि चप्पल घातली.

"ऐक," मी म्हटलं. "दारू गाळतो याचं मले काही नही. चांगलं काम हाये तुह्यं, म्या पाह्यलं. पण त्या कामाची लाज वाटली म्हणून तू दोन तास पोत्यामांगे बसला, आन तुह्या लाजेनं माल तापला. आज धान्य होतं, उलटून घेतलं. उद्या माह्यी नात राहीन. तर साखरपुड्याले चारशे माणूस येईन, तुह्या मामाले पुढच्या खुर्चीवर बसव, माईक हातात घे आन सांग, मी व्हिस्की बनवतो. मान खाली न घालता सांगता आलं, तर पोरगी तुह्यी. आन त्या दिवशी पोहे मागू नको, मी आपणहून वाढीन."