निस्तेज बाजू खाली

मी एक निगेटिव्ह बोलतेय. निगेटिव्ह बोलतेय म्हणजे आता नन्नाचा पाढा सुरू करणार, असं समजू नका. मी फोटोची निगेटिव्ह आहे. फिल्मचा एक चौकोनी तुकडा, दोन बोटांच्या चिमटीत धरता येईल एवढा. उजेडाला काळोख आणि काळोखाला उजेड म्हणायची माझी रीत आहे, पण खोटं बोलायची नाही. म्हणूनच माझ्या हातून एकदा जे खोटं बोललं गेलं, ते मला अजून सलतं.

माझा जन्म एका पेंटरच्या दुकानात झाला. भिंती रंगवणारा नव्हे, दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर. त्यांना दोन मुलं. थोरली ताई हाताने वह्या-पुस्तकं शिवते, धाकटा फोटो काढतो. दोघंही नोकरी सोडून स्वतःचं काम करतात, म्हणजे नातेवाइकांच्या भाषेत अजून काहीच करत नाहीत.

त्या सकाळी बाबा एका कोऱ्या पाटीच्या कडेने लाल रेघ ओढत होते. धाकट्याचा कॅमेरा जुना, डब्यासारखा. त्यात वरून वाकून बघायचं, मग आतल्या काचेवर समोरचं दिसतं, पण आरशातल्यासारखं, डाव्याचं उजवं होऊन.

"बाबा, जरा हलू नका."

"मी हललो नाही तर रेघ काय तू येऊन ओढणार?" बाबा म्हणाले आणि हसले. तेवढ्यात त्याने कळ दाबली.

बाबा डावखुरे. लहानपणी मास्तरांनी त्यांचा तो हात बाकाला बांधून ठेवला होता, त्यावर छड्या ओढल्या होत्या. शेवटी ते उजव्या हाताने लिहायला शिकले. पण पुढे ब्रश मिळाला तेव्हा तो त्यांनी डाव्या हातात घेतला, आणि मग कोणाच्या बापाचं ऐकलं नाही. त्या हाताने त्यांनी घर चालवलं, दोन्ही मुलांना शिकवलं. मला या गोष्टी मुलांच्या आईकडून कळल्या. ती त्यांना त्या पुन्हा पुन्हा सांगायची.

न्हाणीघराच्या खिडकीला काळं कापड लावून धाकट्याने मला औषधात बुडवलं, धुतलं, दोरीवर चिमटा लावून वाळत घातलं. शेजारी त्याचाच एक पायमोजा वाळत होता. मग मी पाकिटात गेले आणि पाकीट खणात. सहा वर्षं कोणी विचारलं नाही. माणसं फोटो काढायला जेवढी धडपडतात, तेवढी बघायला धडपडत नाहीत, हे मी त्या खणात शिकले.

सातव्या वर्षी बाबांना झटका आला. डावी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. दुकानाचं दार लागलं. तो हात आता मांडीवर नुसता पडून असायचा आणि बाबा त्याच्याकडे बघायचं टाळायचे.

तेव्हा ताई म्हणाली, "बाबांच्या कामाचं पुस्तक करू. तू छाप, मी शिवते. त्यांना हातात धरता आलं पाहिजे."

चाळीस प्रती करायच्या ठरल्या. प्रत्येक फोटो हाताने छापायचा, प्रत्येक पुस्तक सुईदोऱ्याने शिवायचं. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या कलाकारांचं एक प्रदर्शन होतं, तिथे एक टेबल यांना मिळालं होतं. पुस्तकात पाट्या होत्या, ब्रश होते, रंगांचे डबे होते. पण बाबा काम करत असतानाचा फोटो एकच, तो माझ्यात. म्हणून मला शेवटचं पान मिळालं.

आता माझं एक गुपित सांगते. मला दोन बाजू आहेत, एक चकचकीत आणि एक निस्तेज. छापताना निस्तेज बाजू खाली ठेवायची, नाहीतर चित्र उलटं येतं. धाकट्याला हे झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण त्या दिवशी घाई होती, आणि त्याने मला छापायच्या यंत्रात उलटं बसवलं. मी ओरडणार कशी? लाल दिव्याखाली कागदावर बाबा उमटले, ब्रश उजव्या हातात धरून. धाकट्याने फोटो निरखून पाहिला. धूळ नाही, चेहरा स्पष्ट, रेघ सरळ. पाटी कोरी होती, त्यामुळे एकही उलटं अक्षर त्याला सावध करायला नव्हतं. त्याने चाळीस कागद छापले.

ताईने पहिली प्रत बाबांच्या पुढ्यात ठेवली. ते एकेक पान हळूहळू उलटत गेले. शेवटच्या पानावर थांबले.

"हा कोण?"

"अहो, तुम्हीच की," आई म्हणाली.

बाबांनी नकारार्थी मान हलवली. मग जड जिभेने, एकेक शब्द जुळवत धाकट्याला म्हणाले, "मास्तरांना छड्या मारून जमलं नाही. तू जमवलंस."

धाकट्याचा चेहरा पडला. चूक आता त्यालाही दिसली. "निगेटिव्ह उलटी बसली, बाबा. मला तेव्हा कॅमेऱ्याच्या काचेत असंच दिसलं होतं, म्हणून लक्षात आलं नाही. पण परवा प्रदर्शन आहे. आणि कोणाला कळणार आहे?"

"तू काचेत बघत होतास," बाबा म्हणाले. "मी समोर होतो."

ताई उठली, पातं घेऊन आली आणि पहिल्या पुस्तकाचं शेवटचं पान तिने शिवणीजवळून कापलं. मग दुसऱ्याचं. धाकटा नुसता बघत बसला होता. आठव्या-नवव्या पुस्तकाला त्यानेही पातं उचललं. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

प्रदर्शनात त्यांचं टेबल रिकामं राहिलं.

चार दिवसांनी नवा कागद आला. या वेळी धाकट्याने मला आधी ओठाला लावून बघितलं. निस्तेज बाजू ओलसर ओठाला किंचित चिकटते. खात्री झाल्यावर पुन्हा एकदा बघितलं. पहिला फोटो वाळेपर्यंतही त्याला दम निघाला नाही. ट्रेमध्ये ठेवून तो तसाच ओला बाबांकडे घेऊन गेला.

बाबा बराच वेळ बघत राहिले. मग उजव्या हाताने त्यांनी आपला डावा हात मांडीवरून उचलला आणि फोटोतल्या हाताशेजारी आणून ठेवला. कितीतरी दिवसांनी ते त्या हाताकडे बघत होते.

"हं. हाच तो," ते म्हणाले. धाकटा रडला, ताईही रडली. ट्रेमधलं पाणी बाबांच्या धोतरावर सांडलं, तरी आई कोणालाही ओरडली नाही.

पुढे दोन महिन्यांनी बाबा गेले. पुस्तकं सगळी वाटली गेली, मी कधी बघणार नाही अशा घरांत पोहोचली. मी पुन्हा पाकिटात आहे. माझ्या कडा आता पिवळट झाल्यात. तुमच्याही घरात माझ्यासारख्या कोणी पडून असतील, तर त्यांना ओलीपासून जपा, हात लावाल तेव्हा कडेलाच धरा.

मला मात्र फार दिवस पडून राहावं लागत नाही. सकाळी घरात कोणी नसलं की आई मला बाहेर काढते आणि खिडकीशी धरते. ताईने एकदा पकडलं तिला. "अगं, एवढा मोठा फोटो आहे पुस्तकात, यात काय दिसतं तुला?"

"त्यात केस पिकलेत गं त्यांचे. यात काळेभोर आहेत, लग्नात होते तसे."

पण ती आधी केसांकडे बघत नाही. मला चष्म्याजवळ नेते, उलटसुलट फिरवते, ब्रश डाव्या हातात येईपर्यंत. तो आला की हळूच विचारते, "आलात का?"